कडीच्या डब्यातला इक्वलायझर

माझ्या सासूबाईंचा आवाज गोड आहे. फक्त तो गोड आहे हे कळायला मध्ये थोडं अंतर लागतं. साधारण आमच्या वस्तीपासून काष्टीच्या बाजारतळापर्यंत असतं तेवढं.

त्यांना मी आत्याबाई म्हणते. (आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. त्याने माया वाढते की नाही माहीत नाही, धाक मात्र बरोबर बसतो.) आत्याबाईंनी उसाच्या फडात एक हाक मारली की पलीकडच्या मळ्यातली माणसंसुद्धा "आलो, आलो" करत हातातलं काम टाकून निघतात. अशा आवाजाच्या बाईला माईकची गरज नाही, हे कुणाही शहाण्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं. पण भावकीतलं एकही लग्न त्यांच्या मंगलाष्टकांशिवाय लागलेलं नाही, आणि मंगलाष्टकं म्हटली की माईक आलाच. ती त्या स्वतः रचतात. त्यात दोन्हीकडचे आजोबा, मामा, दोन्ही गावं, झालंच तर नवरदेवाची नोकरी, सगळं बसवतात. वृत्तात बसलं नाही तर दाबून बसवतात.

मागच्या लग्नसराईत घात झाला. पुतण्याच्या लग्नात आत्याबाईंनी पहिलं कडवं उचललं आणि कर्ण्यांतून अशी किंचाळी निघाली की अंतरपाट धरणाऱ्या दोघांनीही तो सोडून कानांवर हात ठेवले. नवरानवरीने मुहूर्ताच्या आधीच एकमेकांना पोटभर बघून घेतलं! हा प्रसंग कुणीतरी मोबाईलवर टिपला, भावकीच्या ग्रुपवर टाकला, आणि त्याखाली हसून हसून रडणाऱ्या तोंडांची रांग लागली. आत्याबाईंना मोबाईल फारसा कळत नाही. हसणारं तोंड मात्र कळतं.

"आता मी माईकला हात लावायची न्हाई," त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत देत सांगितलं, आणि तो विषय संपला.

आणि नेमकं नातीचं लग्न ठरलं! माझ्या नणंदेची, म्हणजे श्रीगोंद्याच्या शोभाताईंची पूजा. मुलगा बेलापूरचा. साखरपुडा झाला, लाडू वाटून झाले, आणि शोभाताईंचा रडत फोन आला.

"वहिनी, आई गानार न्हाई म्हनती गं. पूजा म्हनती, आजी गानार नसंल तर मी उभीच ऱ्हानार न्हाई."

मी आत्याबाईंना विचारलं. त्या शेंगा फोडत होत्या.

"नातीच्या मांडवात हासं करून घेऊ व्हय? तिच्या सासरच्यांम्होरं?" एवढं म्हणून त्यांनी एक शेंग अशी फोडली की मी निमूट टरफलं गोळा करायला लागले.

पण दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी गोठ्यापाशी गेले, तर आत्याबाई म्हशीला टेकून हळूच गुणगुणत होत्या. 'पूजा' आणि 'बेलापूर' एका ओळीत बसवायचं चाललं होतं. मला बघताच त्या म्हशीला ओरडल्या. मला फार फार वाईट वाटलं.

आता, वाईट वाटलं की साधी माणसं गप्प बसतात. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. आम्ही उपाय काढतो. मी इंटरनेटवर शोधलं आणि कळलं की आत्याबाईंच्या आवाजाला इक्वलायझर हवा. म्हणजे मसाल्याच्या डब्यासारखंच यंत्र: आवाजातला जाडेपणा, बारीकपणा, तिखटपणा वेगवेगळा कमीजास्त करता येतो, प्रत्येकाला एक सरकता दांडा. तयार विकत मिळत होता. पण त्याच्याच शेजारी सुट्ट्या भागांची किट होती, आणि खाली लिहिलं होतं, "कुणालाही जमेल." वीस वर्षं फळ्यावर सर्किट काढणाऱ्या बाईला एवढं वाक्य पुरतं.

पार्सल आलं. आत एक हिरवा बोर्ड, त्याला मुंगीच्या घराएवढी भोकं, आणि पुड्यांमध्ये धने-जिरे-मोहरी दिसावेत असे सुटे भाग. सोबतचा कागद चिनी भाषेत होता.

आमचे हे शेतातून आले. वाकून बघितलं.

"मास्तरीनबाई, ह्ये पेरायचं हाय का भाजायचं?"

"जोडायचं आहे."

"येतंय का तुला?"

"यात काय आहे एवढं?" मी म्हटलं. (या वाक्यानंतर आमच्या घरात आजवर काहीही चांगलं घडलेलं नाही.)

मी पुढचे काही दिवस स्वयंपाकघराच्या ओट्यावर सोल्डरिंगची गन घेऊन बसले. पहिल्या दिवशी बोर्डापेक्षा माझी बोटंच जास्त जोडली गेली. दुसऱ्या दिवशी फोडणीच्या वासात सोल्डरचा वास मिसळला आणि यांनी आमटी बाजूला सारली. आत्याबाई लांबून सगळं बघत होत्या. हे कशासाठी चाललंय ते मी सांगितलं होतं. त्या फक्त "बघू" म्हणाल्या होत्या, पण रोज येऊन "झालं का?" विचारत होत्या. त्या "झालं का"मुळे माझ्या अंगात दहा माणसांचं बळ यायचं, आणि पुढचा टाका चुकायचा.

शेवटी जोडून झालं. भजनाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर काढला, मध्ये माझा बोर्ड लावला आणि बटण दाबलं. कर्ण्यातून "घूंऽऽऽ" असा आवाज सुरू झाला तो काही थांबेना. हे म्हणाले, "गिरनी चांगली झाली. दळन आनू का?"

इंटरनेटवरच्या माणसाने सांगितलं, बोर्ड धातूच्या पेटीत बसवा, घूं घूं जाईल. धातूची पेटी! मराठी घरात धातूच्या पेट्यांना काय तोटा? मी मांडणीवर चढले. वरच्या फळीवर, मागे, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला एक मोठा कडीचा डबा होता. जाड स्टील, उचलायला कडी, वर चपटं झाकण. जणू माझ्या इक्वलायझरसाठीच कुणीतरी घडवलेला. यांनी ड्रिल मशीन आणलं, झाकणात दहा लांबट फटी पाडल्या, कडेला वायरींसाठी दोन भोकं. बोर्ड झाकणाला आतल्या बाजूने बसला, दांडे फटींतून वर आले. घूं घूं थांबलं. मी आनंदाने डबा हातात घेऊन गरकन फिरवला आणि काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव दिसलं.

"चि. सुमन हिस आईकडून."

आमच्या घरात कुणी सुमन नाही.

मी खालीच बसले. सुमनबाई म्हणजे बेलापूरच्या विहीणबाई, पूजाच्या होणाऱ्या सासूबाई! साखरपुड्याचे लाडू त्यांनी या डब्यातून शोभाताईंकडे पाठवले होते, शोभाताईंनी त्यातले अर्धे काढून घेऊन तोच डबा आमच्याकडे पाठवला होता, लाडू आम्ही खाल्ले होते आणि डबा मी फोडला होता.

"आता?" मी यांना विचारलं.

"लगीन लागू दे आधी," हे ड्रिल मशीन लपवत म्हणाले. "अक्षता पडायच्या आत विहिनीचा डबा फोडल्याचं सांगायचं नसतं."

आणि जणू ऐकल्यासारखा शोभाताईंचा फोन आला! "वहिनी, तो कडीचा डबा तेवढा दे गं पाठवून. विहीनबाईंनी दोनदा इचारलं. त्यांच्या आईनं दिल्याला हाय, आई गेली त्यांची. रिकामा नगं द्यायला, चकल्या करून भरून देऊ म्हनलं."

"घासायला काढलाय," मी म्हटलं.

चार दिवसांनी परत फोन. "झाला का घासून?"

"चिकट होता."

आठवड्याने परत. "वहिनी, अजून घासतीच हायेस?"

मी "हो" म्हटलं. शोभाताईंना माझ्या घासण्याबद्दल एवढा आदर आधी कधीच वाटला नव्हता.

इकडे आत्याबाईंची चाचणी सुरू झाली होती. मी बोर्ड उलटा बसवल्यामुळे दांडा वर केला की आवाज कमी आणि खाली केला की जास्त व्हायचा. ("घरात सगळंच असं चालतंय, त्येवढं काय?" इति आमचे हे.) पहिल्या दिवशी आत्याबाईंच्या गळ्यातून कारखान्याचा भोंगा निघाला. म्हशीने दावं तोडलं. दुसऱ्या दिवशी इतका बारीक आवाज आला की आत्याबाई स्वतःच "कोन बोलतंय?" म्हणून मागे वळल्या. पण तिसऱ्या दिवशी, खोटं सांगत नाही, दांडे हलवता हलवता एका जागी असा काही मऊ, गोड आवाज आला की बस्स!

"ह्यो माझा हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुमचाच."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं. मग म्हणाल्या, "शोभीला सांग, मी गानार हाय म्हनून."

ती जागा हरवू नये म्हणून मी माझ्या टिकल्यांचं पाकीट आणलं आणि प्रत्येक दांड्यापाशी झाकणावर एक एक टिकली चिकटवली. दांडा टिकलीवर आणला की झालं! विज्ञान आणि सौभाग्य असं हातात हात घालून चाललेलं मी पहिल्यांदाच बघत होते. नाव दिसू नये म्हणून मिक्सरचं फुलाफुलांचं कव्हर वरून घातलं आणि दांड्यांपुरतं कापलं.

लग्नाच्या दिवशी श्रीगोंद्याच्या मंगल कार्यालयात आम्ही डबा कडीला धरून आत नेला. साउंडवाला बाळू माईकच्या वायरी पसरत होता. त्याने कव्हराकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, जेवन पलीकडं."

"जेवण नाही, इक्वलायझर आहे. तुमच्या मशीनच्या आधी जोडायचाय."

"कडीचा इक्वलायझर पयल्यांदा बघतोय," बाळू म्हणाला. पण मी वधूपक्षाची मामी असल्यामुळे त्याने जोडायचं कबूल केलं. डबा टेबलावर ठेवून मी नवरीला बाहेर आणायला गेले. परत आले तर टेबल रिकामं!

"बाळूदादा, डबा?"

"कुनी तरी पाव्हनं घिऊन गेलं की. म्हनले, ह्यो हितं कुनी ठिवला, पंगतीला घ्या."

मी नऊवारी सावरत भटारखान्याकडे पळाले. (नऊवारीत पळता येतं. थांबता येत नाही.) तिथे भाताच्या पातेल्याला टेकून माझा इक्वलायझर बसला होता. कव्हर काढून टाकलेलं. एक वाढपी त्याचे दांडे वरखाली करून झाकण उघडायचा प्रयत्न करत होता.

"लई अवघड कुलूप हाय ओ," तो म्हणाला.

मी डबा हिसकावला. कव्हर कुठे सापडेना. त्याहून वाईट म्हणजे, भाताच्या वाफेने टिकल्या निघाल्या होत्या! तीन जागेवर होत्या, दोन वाढप्याच्या बाहीला चिकटल्या होत्या, बाकीच्या बहुतेक पंगतीत वाढल्या गेल्या.

आणि भटजींनी हाक दिली, "मुहूर्त जवळ आला, चला!"

धावत येऊन बाळूच्या टेबलावर डबा ठेवला, वायरी जोडल्या, नाव भिंतीकडे फिरवलं आणि आठवेल तसे दांडे सरकवले. अंतरपाट धरला गेला. अक्षता वाटून झाल्या. शोभाताई रिवाजाप्रमाणे बाहेर तुळशीला पाणी घालायला गेल्या. आत्याबाई नवी इरकल नेसून माईकपाशी आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात वर करून 'सगळं ठीक' अशी खूण केली. तसली खोटी खूण मी परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा कधी केलेली नाही.

आत्याबाईंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"श्रीगोंद्याची लाडकी लेक पूजा निघाली बेलापुरालाऽऽ..."

कर्ण्यातून बाई गातच नव्हती. दाढीमिशा असलेला कुणीतरी दांडगा माणूस विहिरीच्या तळातून ओरडत होता!  मग मागच्या खुर्च्यांवरून पहिली फिस्स झाली. मग दुसरी. एकाने मोबाईल वर धरला. आत्याबाईंचे डोळे मिटलेलेच होते, पण मिटल्या डोळ्यांनाही हसू ऐकू येतं. त्यांचा आवाज ओळीच्या शेवटाला थरथरला.  म्हातारीला मीच परत उभं केलं होतं, मीच पुन्हा सगळ्यांपुढे तोंडघशी पाडत होते. मी वेड्यासारखे दांडे वरखाली करायला लागले. दांडगा माणूस कधी विहिरीत जाई, कधी वर येई.

त्या खटाटोपात डबा फिरला.

"अगं बाई!" माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं. "ह्यो तर माझ्या आईचा डबा!"

विहीणबाई! अक्षता टाकायला उभ्या होत्या, त्या सरळ टेबलापाशी आल्या होत्या. मी "अहो, थांबा..." म्हणेपर्यंत त्यांनी डबा कडीला धरून उचलला. उचलला तो छातीशीच धरला. दोन्ही वायरी टपकन खाली पडल्या आणि कर्णे बंद झाले.

सगळा मांडव एकदम गप्प. बाळू वायरीकडे झेपावला.

आणि त्या शांततेत आत्याबाईंचा आवाज आला. नुसता. त्यांना काही कळलंच नव्हतं. डोळे मिटून, बंद पडलेला माईक दोन्ही हातांनी धरून त्या गात होत्या. तो आवाज मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला, भटारखान्यात गेला, बाहेर तुळशीपाशी शोभाताईंपर्यंत गेला. लांबून गोड लागणारा आवाज, आणि एवढ्या मोठ्या कार्यालयात अंतराला तोटा नव्हता! एक एक शब्द कळत होता. नातीला न्हाऊ घातलेलं, तिची पहिली शाळा, दोन्ही मामांची नावं, बेलापूरची पेठ, नातजावयाची बँकेतली नोकरी, सगळं. वर धरलेला मोबाईल खाली आला. पूजा अंतरपाटामागे रडत होती. विहीणबाई डबा कवटाळून रडत होत्या. आणि मी रडत होते, पण माझं कारण जरा वेगळं होतं.

बाळूने वायर परत खोचायला हात पुढे केला.

"हात लावलास तर बघ," मी म्हणाले.

शुभमंगल झालं. अक्षता पडल्या, टाळ्या पडल्या. आत्याबाईंनी डोळे उघडले, आणि पोरीबाळी त्यांच्या पाया पडायला धावल्या. इकडे विहीणबाईंनी डोळे पुसले, डबा खाली धरला आणि पहिल्यांदाच त्याचं झाकण बघितलं. दहा फटी. तीन टिकल्या.

"ताई," त्या सावकाश म्हणाल्या, "यवढा आवाज हुता, मग माझ्या डब्याला भोकं कशापायी पाडली?"

या प्रश्नाला विज्ञानाकडे उत्तर नाही.  शेवटी मागून आमचे हे पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "विहीनबाई, आमच्यात रिकामा डबा परत देत न्हाईत. म्हनून आत कायतरी घालून दिलं."

विहीणबाईंनी यांच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. आधी ओठ हलले, मग खांदे, आणि मग त्या एवढ्या हसल्या की डब्याची कडी वाजायला लागली. "माझी आई आसती," त्या म्हणाल्या, "तर तिनंबी ह्येच केलं आसतं. घरातली येक वस्तू तिनं धड ठिवली न्हाई." मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला मध्येच धरलं आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

खरी पंचाईत पुढेच झाली. आत्याबाईंना वायर निघाल्याचं कुणी सांगितलं नाही. सांगायचं कोण? त्या आल्यागेल्याला सांगत सुटल्या, "सुरवातीला मशीन जरा गरम व्हायचं हुतं. मग जे लागलं! माझ्या सुनंनं सोता बनिवलंय, लई शिकल्याली हाय." मी दोनदा खरं सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघून मिटलं.

आता भावकीत लग्न निघालं की आत्याबाईंची एकच अट असते: मशीन पाहिजे. मी बेलापूरला फोन करते, विहीणबाई डबा पाठवतात. त्याही चालीरीती पाळणाऱ्या, रिकामा कशा पाठवतील? झाकणाखालच्या बोर्डाला कागद लावून डब्यात बोर्डापर्यंत बेसनाचे लाडू भरून पाठवतात. मग मी तो जड डबा आत्याबाईंच्या शेजारी टेबलावर ठेवते, दोन्ही वायरी कुणाला दिसणार नाहीत अशा टेबलाखाली सोडते, बाळूला डोळ्याने खुणावते, तो माईक बंद करतो, आणि आत्याबाई मांडव दणाणून सोडतात.

परवाच्या लग्नानंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. डब्याचं झाकण उचलून आत बघितलं, एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "विद्या, तुला म्हनून सांगते. मशिनीत लाडू घालाय लागल्यापासनं आवाज आजून गोड झालाय. व्हय ना गं?"

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. लाडू तोंडात घातला आणि मान डोलावली.